आधी खांदा, मग किंमत

दुकानात शर्ट घालून आरशासमोर उभे राहिलात की पहिल्यांदा खांद्याकडे पाहा. बाही जिथे जोडलेली असते ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. शिवण दंडावर उतरली असेल तर शर्ट मोठा आहे, मानेकडे सरकली असेल तर लहान. मग रंग कितीही आवडलेला असो, सूट कितीही मोठी असो, तो शर्ट घडी घालून परत ठेवा. तयार शर्टातलं बाकी बरंच काही नंतर नीट करता येतं, खांदा करता येत नाही. त्यासाठी कॉलर, बाही आणि पाठ सगळंच उसवावं लागतं आणि तेवढ्या मजुरीत नवा शर्ट शिवून होतो.

नुकतीच नोकरी लागलेल्या मुलांपासून पन्नाशीतल्या गृहस्थांपर्यंत अनेकांना रोज नीटनेटकं दिसायचं असतं, पण कपड्यांचा विचार करत बसायला वेळ नसतो. त्यांना माझं सांगणं एकच आहे. कपड्यांवर जो खर्च करता, त्यातला काही भाग ब्रँडकडून काढून टेलरकडे वळवा. नऊशे रुपयांचा अंगाला नेमका बसलेला शर्ट आणि अडीच हजारांचा खांद्यावरून ओघळणारा शर्ट शेजारी शेजारी उभे केले, तर पाहणाऱ्याला पहिलाच महाग वाटतो. लेबल आत असतं, बसणं बाहेर दिसतं.

आकड्यांवर विश्वास ठेवू नका

‘मला चाळीस नंबर बसतो’ असं सांगून शर्ट बांधून घेणारे बरेच असतात. पण चाळीस कशाचा? फॉर्मल शर्टावरचा 39, 40, 42 हा आकडा बहुधा कॉलरचा सेंटिमीटरमधला घेर असतो. टी-शर्टावर तोच आकडा छातीचा, इंचांतला असतो. काही कंपन्या फॉर्मल शर्टावरही छातीचंच माप छापतात. पॅन्टचं तर विचारूच नका. 34 लिहिलेल्या पॅन्टची कंबर टेपने मोजली तर अनेकदा इंच-दीड इंच जास्त भरते. आपल्याकडे तयार कपड्यांच्या मापांचा सर्वमान्य भारतीय तक्ता नव्हता. म्हणूनच ‘निफ्ट’ या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने देशभरातल्या लोकांची शरीरं यंत्राने मोजण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. बाजारात सगळीकडे एकच माप चालू होईपर्यंत प्रत्येक कपडा अंगावर चढवूनच घ्यायचा, दुकानदार कितीही खात्रीने सांगो.

खांदा बसला की कॉलर. वरचं बटण लावून मान आणि कॉलर यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एकच बोट जात असेल तर पहिल्या धुण्यात कापड आटल्यावर तेही जाणार नाही. त्यानंतर छाती आणि पोट. बटणांच्या मधल्या फटी उघडत असतील, आतला बनियन दिसत असेल, तर शर्ट तंग आहे. उलट बाजूने, कमरेवर दोन्हीकडे कापड चिमटीत धरून पाहा. एका बाजूला दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त कापड हातात आलं तर शर्ट सैल आहे, पण हे बाजूच्या शिवणीतून कमी करता येतं. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत, अर्धी बाही दंडाच्या मध्यापर्यंत. अर्ध्या बाहीचा घेर फार रुंद असला की हात काटकुळे दिसतात. सडपातळ माणसांनी तो हमखास अर्धा-पाऊण इंच कमी करून घ्यावा.

शर्ट बाहेर सोडून घालणार असाल तर लांबी पाहा. पुढून तो पॅन्टच्या चेनच्या मध्यापर्यंत यावा, मागून खिशाचा निम्मा भाग झाकावा. त्याहून लांब शर्ट बाहेर सोडला की उंची दोन इंचांनी कमी दिसते. आपल्यातल्या बऱ्याच जणांची उंची साडेपाच फुटांच्या आसपास असते, त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी. खोचायचा आणि सोडायचा शर्ट वेगळा असतो. खोचायच्या शर्टाची पाठ लांब आणि खालची कड गोलाकार असते, सोडायच्या शर्टाची कड बहुधा सरळ असते.

पॅन्टच्या बाबतीत मोठा घोटाळा पोटामुळे होतो. पोट सुटलं की माणूस पॅन्ट पोटाखाली सरकवतो. मग कंबर लहान लागते, आसन खाली लोंबतं आणि पाय बुटावर गोळा होतात. आसन म्हणजे कंबरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची. बाजारातल्या बऱ्याच तयार पॅन्टचं आसन कमी असतं, त्या पोटावर चढतच नाहीत. पोट असलेल्या माणसाने बेंबीच्या जरा खाली बसेल अशी, आसन जास्त ठेवलेली, पुढे एक प्लीट असलेली पॅन्ट शिवून घ्यावी. पोट लपत नाही, पण पाय लांब दिसतात, पॅन्ट जागेवर राहते आणि दिवसभर ती वर ओढत बसावं लागत नाही. पायाच्या घेराचं म्हणाल तर मध्यम बांध्याला 14 ते 15 इंचांचा बॉटम पुष्कळ झाला. पोटरीला चिकटणाऱ्या पॅन्टी आता मागे पडत चालल्या आहेत, आणि आपल्या हवेत त्या कधीच सोयीच्या नव्हत्या. लांबी अशी ठेवा की समोरची कड बुटावर हलकेच टेकेल, तिथे फार तर एक घडी पडेल.

ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहून पाहणं पुरेसं नाही. खुर्चीत बसा. दोन्ही हात दुचाकीच्या हॅंडलवर ठेवल्यासारखे पुढे करा. आपल्याकडे लाखो लोक कामावर दुचाकीने जातात आणि शर्टाची खरी परीक्षा तिथे होते. पाठ ताणली जाते, बाह्या वर सरकतात, मागून शर्ट बाहेर येतो. हात पुढे केल्यावर बाही मनगटाच्या दोन इंच वर जात असेल किंवा पाठीत ओढ बसत असेल, तर तो शर्ट रोजच्या कामाचा नाही.

टेलर कसा निवडावा, त्याला काय सांगावं

कपडे नीट करून घेण्याची सोय आपल्याकडे जशी जवळ आणि स्वस्त आहे तशी फार थोड्या देशांत असेल. गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली, बाजाराच्या मागच्या बाजूला मशीन घेऊन बसलेला कारागीर हा आपला खजिना आहे आणि आपण त्याचा उपयोग फक्त चेन बदलायला करतो. दुकानातून आणलेला प्रत्येक कपडा एकदा त्याच्याकडे जायला हवा. शर्टाच्या बाजू आत घेणं, बाही कफकडून आखूड करणं, पॅन्टची कंबर दीड-दोन इंच कमी करणं, बॉटम घटवणं, लांबी कापणं ही सगळी तासाभराची कामं आहेत. कपड्याच्या किमतीच्या मानाने मजुरी किरकोळ असते.

कपडा वाढवता किती येईल हे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडावर, म्हणजे मायेवर अवलंबून असतं. पॅन्ट घेताना ती उलटी करून मागची मधली शिवण बघा. तिथे प्रत्येक बाजूला इंचभर माया असेल तर वजन वाढल्यावर पॅन्ट टाकून द्यावी लागणार नाही. स्वस्त तयार कपड्यांत कापड वाचवण्यासाठी माया जवळजवळ ठेवतच नाहीत. चांगला टेलर न सांगता ठेवतो.

नवा टेलर पारखायचा असेल तर थेट सूट शिवायला देऊ नका. आधी एक साधी पॅन्ट छोटी करायला द्या, मग एक सुती शर्ट शिवायला. हाती आलेल्या शर्टाची कॉलरची दोन टोकं सारखी आहेत का, बकरमला, म्हणजे कॉलरच्या आतल्या ताठ कापडाला, बुडबुडे आलेत का, चौकटीचं कापड असेल तर खिशावरची चौकट छातीवरच्या चौकटीशी जुळते का, काजांचे धागे सुटलेत का, हे पाहिलं की माणसाचा हात कळतो. चौकट जुळवणारा टेलर भेटला तर त्याला सोडू नका.

माप देताना पोट आत ओढू नका. रोजच्या पवित्र्यात, रोजच्या बुटांसह उभे राहा. खिशात मोबाइल आणि पाकीट ठेवायची सवय असेल तर तेही सांगा. घरातला नेमका बसणारा एखादा शर्ट नमुना म्हणून सोबत न्या, पण त्यावरून नुसती नक्कल करू देऊ नका, अंगाचं मापही घ्यायला सांगा. जुन्या पद्धतीचे कारागीर थोडं सैल शिवतात, कारण घट्ट झाल्याची तक्रार त्यांना नको असते. ‘किती सैल’ हे इंचांत बोला. छातीच्या मापावर चार इंच मोकळीक हे सर्वसाधारण माणसाला आरामात पुरतं. कोट किंवा जोधपुरी असेल तर कच्च्या शिलाईवर ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई करू देऊ नका. या एका ट्रायलसाठी टेलरशी गोड भांडण करावं लागलं तरी करा.

कापड सुती किंवा लिनन असेल तर ते शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शर्ट शिवून झाल्यावर आटला तर बाही आखूड होते आणि कॉलर गळ्याला लागते, दोष मात्र टेलरवर जातो. किती कापड लागेल हे पन्ह्यावर ठरतं. 58 इंच पन्ह्याचं कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण 1.60 मीटर आणि पॅन्टला 1.20 ते 1.30 मीटर लागतं. 36 इंच पन्ह्याला शर्टासाठीच सव्वादोन-अडीच मीटर धरावं. उंच आणि स्थूल व्यक्तींनी टेलरला विचारून मगच कापड कापायला सांगावं.

आणि वेळ. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि लग्नसराईत टेलरकडे जाऊ नका. तेव्हा त्याच्या हातून घाईचं काम होतं, किंवा तो ऑर्डरच घेत नाही. पितृपक्षात बरेच लोक नवे कपडे घेत नाहीत, त्यामुळे तेव्हा टेलरला सवड असते. तेव्हा माप द्यावं आणि दसऱ्याला कपडा अंगावर घालावा.

कापड आणि रंग

याबद्दल थोडक्यात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत पूर्ण सुती किंवा लिनन. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तिथे सैलसर सुती, फिका रंग, पूर्ण बाही. पॉलिस्टर जास्त असलेला शर्ट चुरगळत नाही हे खरं, पण घाम टिपत नाही आणि काखेत वास धरतो. शर्टाला सुती आणि पॅन्टला मिश्र धागा ही विभागणी रोजच्या वापराला उत्तम, कारण चुरगळलेला शर्ट खपून जातो, गुडघ्यात फुगलेली पॅन्ट खपत नाही. खादीचा शर्ट आटतो आणि पहिली काही धुणी रंग सोडतो, पण एकदा मुरला की उन्हाळ्यात त्याला तोड नाही.

कपाट नव्याने भरायचं असेल तर पांढरा, फिका निळा आणि बारीक रेघांचा असे शर्ट आधी घ्या. पॅन्टमध्ये नेव्ही निळी, राखाडी आणि बदामी. यातला कुठलाही शर्ट कुठल्याही पॅन्टवर चालतो, सकाळी विचार करावा लागत नाही. काळी पॅन्ट पहिली घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती उन्हात वाळवल्याने लवकर विटते, धूळ आणि तंतू तिच्यावर उठून दिसतात, आणि दिवसाउजेडी ती शर्टाला मारून टाकते.

कुठे घ्यावं

दर्जेदार शर्टिंगसाठी मॉलमध्ये जायची गरज नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही मागावर कापड विणणारी गावं आपल्याच राज्यात आहेत, आणि कापडाची जुनी बाजारपेठही. मुंबईत काळबादेवी-क्रॉफर्ड मार्केट भागातलं मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता इथे तागेच्या तागे उघडून पाहता येतात. पुण्यात लक्ष्मी रोड, नागपुरात इतवारी आणि सीताबर्डी, छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, कोल्हापुरात महाद्वार रोड. आपल्या गावात कटपीसचं दुकान असेल तर तिथून सुरुवात करा. ताग्याच्या शेवटी उरलेले शर्टापुरते तुकडे तिथे बरेच स्वस्त मिळतात. कापड उजेडात नेऊन पाहा, मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा आणि किती चुरगळलं ते बघा, तिरकं ओढून विणीत फट पडते का ते पाहा. दुकानदार ‘काउंट’ सांगतो तो धाग्याच्या बारीकपणाचा आकडा. 40 काउंटचं कापड जाडसर आणि टिकाऊ, 80-100 काउंटचं तलम आणि नाजूक. रोज धुवायच्या शर्टाला 50-60 काउंट पुरे.

जीन्ससाठी उल्हासनगरचं नाव मोठं आहे. तिथे जीन्स शिवली जाते आणि राज्यभर जाते. मुंबईत आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट आणि पुण्यात कॅम्पातली फॅशन स्ट्रीट इथे निर्यातीतून उरलेला माल मिळतो, पण त्यात खरा किती आणि नकली किती हे डोळ्यांनीच पारखावं लागतं. कपडा उलटा करा. शिवण सरळ आहे का, धागे लोंबतायत का, बटण हलतं का, चेन अडकते का. लेबल कापलेलं असणं हा दोष नाही, बऱ्याचदा निर्यातीच्या मालाचं लेबल मुद्दाम कापतात. असे कपडे परत घेत नाहीत हे धरूनच घासाघीस करा.

शोरूममध्ये जाणार असाल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर आणि पादत्राणांवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या नगावर 18 टक्के. अडीच हजारांची रेषा जेमतेम ओलांडणारा शर्ट घेताना वरच्या पैशांतले बहुतेक कापडाला नाही, कराला जातात. ऑनलाइन खरेदी मी फक्त अशाच वस्तूंसाठी सुचवेन ज्यांचं माप आपल्याला आधीच ठाऊक आहे: त्याच कंपनीचा तोच शर्ट पुन्हा, बनियन, मोजे. खादी घ्यायची तर 2 ऑक्टोबरला गांधी जयंतीपासून खादी भांडारांत सूट सुरू होते, तोवर थांबायला हरकत नाही.

बेल्ट, चष्मा, चप्पल

पुरुषाच्या अंगावरच्या जोडवस्तूंपैकी लोक सर्वांत आधी चष्मा पाहतात, आणि आपण त्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. फ्रेमची रुंदी चेहऱ्याइतकी हवी. कानशिलांवर काड्या बाहेर फाकत असतील तर फ्रेम लहान आहे, नाकावरून घसरत असेल तर मोठी. शर्ट आठवड्यातून एकदा अंगावर येतो, चष्मा रोज. तिथे पैसे वाचवू नका.

बेल्ट कमरेच्या मापापेक्षा दोन इंच मोठा घ्यावा, म्हणजे मधल्या भोकात बसतो आणि दोन्हीकडे जागा राहते. रंग बुटांशी जुळवायचा, पॅन्टशी नाही. खऱ्या चामड्याची खूण कडेला दिसते. कापलेल्या कडेवर आत कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन, सहा महिन्यांत सालं निघणार. चामड्याचा बेल्ट आणि पाकीट रास्त दरात हवं असेल तर धारावीतली चामड्याची दुकानं बघण्यासारखी आहेत. पाकीट पातळ ठेवा आणि मागच्या खिशात ठेवून बसू नका. पॅन्टचा खिसा फाटतो आणि दिवसभर एका कुशीवर कलून बसल्याने कंबरही दुखते. मोजे पॅन्टच्या रंगाचे घ्या, पोटरीपर्यंत येणारे. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन घातला तर त्याच्या पट्ट्या ठळक दिसतात. त्याऐवजी फिकट राखाडी किंवा त्वचेच्या रंगाचा घाला, दिसणार नाही. मनगटावरचा जुना, विटलेला लाल दोरा श्रद्धेने ठेवला असेल तर तो वेळच्या वेळी बदलावा, श्रद्धा कमी होत नाही. लॅपटॉपची पाठीवरची सॅक फॉर्मल शर्टाचे खांदे चुरगळते आणि झिजवते. शक्य असेल तर हातात धरायची बॅग वापरा.

बूट एकच घ्यायचा असेल तर तपकिरी, लेस असलेला. तो निळ्या, राखाडी, बदामी तिन्ही पॅन्टवर शोभतो. दुसरा जोड असेल तर लागोपाठ दोन दिवस तोच बूट घालू नये, आतला घाम वाळायला दिवस लागतो. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात चामड्याचे बूट ऑफिसात ठेवून रबरी सँडलवर ये-जा करणं हाच शहाणपणा. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, उन्हात किंवा गरम हवेत नाही.

कुर्त्यावर, सणाला, सुटीच्या दिवशी कोल्हापुरी चप्पल. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारख्या चपला श्रेय न देता मांडल्या, त्यावर इथे मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला या कलेचं मूळ मान्य करावं लागलं. ज्या वस्तूसाठी आपण एवढे चिडलो, ती खरी ओळखून विकत घेणंही आपल्याला यायला हवं. खरी कोल्हापुरी वनस्पतींच्या रसात कमावलेल्या चामड्याची असते. तळ खिळ्यांनी ठोकलेला नसतो, चामड्याच्या वादीने शिवलेला असतो. नवी असताना ती पायाला घट्ट लागते आणि आठवड्याभरात सैलावते, म्हणून दुकानात सैल बसणारी घेऊ नका. अधूनमधून तेलाचा हात फिरवा, पावसात घालू नका. कोल्हापूरला गेलात तर चप्पल लाइनमध्ये चार दुकानं हिंडून, तळ उलटा करून पाहून घ्या, आणि हातकामाची किंमत फार पाडून मागू नका.

शेवटी एक विनंती. या महिन्यात नवं काही घेण्याआधी कपाट उघडा आणि महाग म्हणून ठेवलेले पण सैल म्हणून न घातलेले शर्ट-पॅन्ट बाहेर काढा. एकेक अंगावर चढवा. ज्याचा खांदा बसतो ते एका पिशवीत भरा आणि टेलरकडे न्या. ज्याचा बसत नाही ते धुऊन, इस्त्री करून ज्याला बसतील त्याला देऊन टाका. टेलरकडून कपडे परत येईपर्यंत खरेदीला निघू नका. त्यानंतर नेमकं काय कमी आहे ते तुम्हाला कळेल आणि तेवढंच घ्या.